गोठवलेले भाडे आणि मुंबईची पागडी

मुंबईत घरभाड्याला कायद्याने लगाम घालण्याची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये झाली असली, तरी शहराच्या घडणीवर खोल परिणाम झाला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे चालू होते तेच या कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे घरमालकाला घेता येणारे कमाल भाडे, ठरवले आणि करवाढीसारखी मोजकी कारणे वगळता ते वाढवण्यास वाव ठेवला नाही. युद्धकाळातील महागाई व जागेची टंचाई पाहता हा उपाय समर्थनीय होता आणि तो मुदतीचाच होता. परंतु ती मुदत अर्धशतकभर वाढवली जात राहिली.

भाडे जागच्या जागी राहिले, मागणी मात्र वाढत गेली आणि दोहोंतील तफावत पागडीने भरून काढली. पागडी म्हणजे खोली हाती येताना एकरकमी व बहुधा विनापावती मोजलेली रक्कम. जुना भाडेकरू ती नव्याकडून घेई आणि भाडेपावती नव्याच्या नावावर करून देण्याबद्दल तिच्यातील वाटा घरमालकाला मिळे. कायद्याने हा व्यवहार गुन्हा ठरवला असूनही गिरगाव-काळबादेवीत जागा मिळवण्याचा तोच रूढ मार्ग बनला. गिरणगावातील कामगार कुटुंबे शहराच्या मध्यात टिकून राहिली, याचे श्रेय या कायद्याला द्यावेच लागेल. मात्र ज्याच्या गाठीशी पागडीचे पैसे नव्हते, अशा नवागताला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

घरमालकांनीही पळवाट शोधली होती. जागा भाड्याने न देता ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे केवळ वापराच्या परवानगीने देण्याचा प्रघात पडला. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्याने राहणाऱ्यांनाही शासनाने भाडेकरूंचे संरक्षण दिले, तेव्हा रिकामी जागा कुलूपबंद ठेवणेच अनेक मालकांना शहाणपणाचे वाटू लागले.

तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नसल्याने, किंवा ती टाळण्यास तेवढे निमित्त पुरत असल्याने, चाळी खचू लागल्या. अखेर १९६९ च्या कायद्यान्वये शासनाने दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा ‘उपकरप्राप्त’ इमारतींची मूळ संख्या १९ हजारांहून अधिक होती. घरमालकाच्या खर्चाचा मोठा भाग अशा रीतीने सार्वजनिक तिजोरीवर आला, तरीही पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे सत्र थांबले नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, पण कायद्याची मुदत संपत आल्याने त्या रद्द केल्या नाहीत. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली आणि आजवर गुन्हा असलेली पागडी वैध ठरवली. परंतु ही वाढ जुन्याच आकड्यावर मोजली जात असल्याने दक्षिण मुंबईतील कित्येक खोल्यांचे मासिक भाडे आजही काहीशे रुपयांतच आहे.