पेटी, बुवा आणि आकाशवाणी

खारेपाटणचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील ताम्रपटांमुळे. शके 930, म्हणजे इ. स. 1008 मधील शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटात परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण देवस्थानास लावून दिल्याची नोंद आहे. विजयदुर्ग खाडीच्या या मुलखाला आणखीही एक इतिहास आहे. तो तांब्यावर कोरला गेला नाही आणि दीर्घकाळ आकाशवाणीवरही आला नाही. तो आहे डबलबारी भजनाचा.

वसईकडच्या आमच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. देवळाच्या जत्रेत किंवा गणेशोत्सवात दोन बुवा आपापली मंडळे घेऊन एकाच मंचावर बसतात. पेटी बुवांच्या हाती. पखवाज, टाळ, झांज आणि चकी साथीला. रूपाचा अभंग, गवळण, गजर अशी बारी चढत जाते. एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतो, दुसऱ्याने तो आपल्या बारीत सोडवायचा. पहाट होईपर्यंत माणसे हलत नाहीत. येथे निवड समिती नसते. श्रोताच परीक्षक, आणि तो फार कठोर असतो.

याउलट नभोवाणीचा प्रकार पाहावा. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पेटीचे सूर ठरलेले. तिच्यावर मींड काढता येत नाही, श्रुती सांभाळता येत नाहीत, आणि मुळात ते वाद्यच परदेशी, असा आक्षेप होता. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. आक्षेपात शास्त्रीय तथ्य नव्हते असे नाही. पण ज्या गायनाचा प्राणच पेटी, त्याला त्या दारातून प्रवेश कसा मिळावा? आम्हाला यात एक गंमत दिसते. हे वाद्य 19व्या शतकात युरोपातून आले, मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरांतून वाजले आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. दिल्लीने परके ठरवलेले हे वाद्य कोकणच्या देवळांनी आपले म्हणून केव्हाच स्वीकारले होते.

श्रोते मिळाले ते दुसऱ्याच वाटेने. सिंधुदुर्गातला चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत राबत होता. चाळीच्या खोल्यांतून त्याची भजनी मंडळे उभी राहिली. बुवा मुंबईत नावारूपाला आला की गावची जत्रा त्याला बोलावी, आणि गावी गाजला की मुंबईत सुपारी मिळे. वृत्तपत्रात एक ओळ न येता बुवांचे नाव तळेरे-कणकवलीपासून दादरपर्यंत पोहोचत असे.

1980 च्या दशकात कॅसेट आली. त्यापूर्वी ध्वनिमुद्रिका काढायची तर मोठ्या कंपनीचा कारखाना लागे, आणि कंपनी विचारी, हे विकले कोण घेणार? कॅसेट लहानशा खोलीतही तयार होऊ लागली. परशुराम पांचाळ, विलास पाटील, चंद्रकांत कदम या बुवांचे गायन चहाच्या टपऱ्यांवर आणि एस.टी. स्थानकांवर वाजू लागले. मात्र जी सोय प्रसार करी तीच पोट मारी. एका कॅसेटीवरून दहा उतरवल्या जात, आणि त्यांतला एक पैसाही बुवांच्या हाती पडत नसे. हा अन्याय करणारे बहुधा त्यांचे भक्तच होते, हे नमूद केलेले बरे.

याच काळात दुसरा आघात झाला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पूर्वीच्या जोमाने पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप होता. चाळींतील मंडळांचा पोशिंदाच गेला. तरीही बारी संपली नाही. आज तिचे चित्रीकरण यूट्यूबवर त्याच रात्री चढते आणि आखातात नोकरीला असलेला मालवणी माणूस ते ऐकतो.

जुन्या कॅसेटींचे मात्र हाल आहेत. दमट हवेने फिती चिकटल्या, बुरशी धरली. आमचाही यात वाटा आहे. सेमिनरीत असताना गायनवर्गाचा सराव टेप करायला कोरी कॅसेट मिळेना, म्हणून एका मित्राने दिलेल्या बारीवरच आम्ही तो टेप केला. ती कॅसेट अजून आमच्यापाशी आहे. आमचा सराव वीस मिनिटांत आटोपतो, खट्ट असा आवाज होतो आणि बुवांची गवळण अर्ध्यातूनच सुरू होते.