पांढरा बेल्ट आणि रेवड्यांची कुस्ती

आजचा भाग बेल्टवर. कराटे क्लासला जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, एक गोष्ट तो हमखास सांगतो. जुन्या काळी म्हणे बेल्ट धुवायचेच नाहीत. पांढरा बेल्ट घामानं पिवळा, गवतानं हिरवा, मातीनं तपकिरी होत गेला आणि शेवटी मळून मळून काळा. ऐकायला भारी आहे, पण खरं नाही. बेल्ट ही जेमतेम दीडशे वर्षांतली गोष्ट आहे, आणि ती एका मास्तरनं विचार करून बनवली.

हा मास्तर म्हणजे जिगोरो कानो. 1882 साली त्यानं टोकियोतल्या एका मंदिरात ज्युदोची शाळा काढली, तिचं नाव कोडोकान. त्याआधी जपानी विद्यांमध्ये गुरू परवाना द्यायचा, पण दोन परवान्यांमध्ये वर्षानुवर्षं जायची. नवशिक्या पोरानं तोवर कशाकडं बघून यायचं? कानोनं वाट लहान पायऱ्यांत तोडली. ‘गो’ नावाच्या पटावरच्या खेळात खेळाडूंना ‘दान’ हा दर्जा मिळायचा, तो त्यानं उचलला आणि 1883 मध्ये पहिल्या दोन शिष्यांना दिला. काळा बेल्ट त्यानंतर काही वर्षांनी आला. 1924 मध्ये फुनाकोशींनी कराटेतही हीच पद्धत आणली.

आता गंमत बघा. काळ्या बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना ‘क्यू’ म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात, म्हणजे मोठ्या आकड्याकडून एककडे. एक संपला की ‘शोदान’, आणि शोदानचा अर्थ आहे सुरुवातीची पायरी. म्हणजे आपण ज्याला शेवट समजतो, तिथं खरा अभ्यास सुरू होतो.

मग पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा कुठून आले? ते युरोपातून. 1930 च्या दशकात कावाइशी नावाच्या जपानी शिक्षकानं पॅरिसमध्ये रंगांची पद्धत रुजवली. दर काही महिन्यांनी कमरेला नवा रंग दिसला की शिकणारा टिकतो. आज आपल्या फोनमधले ॲप रोज बॅज देतात ना, तोच हिशेब.

आता आपल्याकडं या. आमचं वळसंग सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. तिथं बेल्ट नाही, पण पायऱ्या आहेत. हलगी सुरू झाली की आधी बारकी पोरं मातीत उतरतात. त्यांचं इनाम म्हणजे मूठभर रेवड्या, नाहीतर नारळ. मग पाच-दहा रुपयांच्या कुस्त्या, मग शंभराच्या, आणि ऊन कलल्यावर एक नंबरची. कुणाची जोड कुणाशी लावायची, हे जाणती माणसं अंगलट बघून ठरवतात. परीक्षा फी नाही आणि सर्टिफिकेटही नाही. पाठ मातीला लागली की निकाल, तोही सगळ्या गावासमोर.

तालमीतही तसंच. नव्या पोराला वस्ताद लगेच डाव शिकवत नाही. आधी माती उकरायची, मग जोर, मग बैठका. आकडा वाढत जातो तशी पोराची पायरी वाढते, पण ती कुठं लिहून ठेवत नाहीत.

दोन्हीकडं प्रश्न एकच आहे: नवशिक्याला उद्या परत कसं आणायचं? जपाननं कापड दिलं, आपण रेवड्या दिल्या. फरक एवढाच, की बेल्ट घरी नेता येतो आणि रेवड्या घरी पोचायच्या आधीच संपतात. पुढच्या जत्रेला परत उतरावंच लागतं.

खाशाबा जाधवांचंच बघा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. मातीतले पक्के पैलवान म्हणून ते 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले. तिथं मॅट होती, नियम वेगळे होते. मातीतलं नाव तिथं चालत नव्हतं, सहावा नंबर आला. त्यांनी नवशिक्यासारखं मॅटवरचं तंत्र घोटलं आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आम्हा आयटीवाल्यांना हे पटकन पटतं. कंपनीत सिनियर झालात तरी नवी भाषा शिकायला बसलात की पांढरा बेल्टच.

आज गावागावांत कराटे क्लास निघालेत. काही मनापासून शिकवतात, काही तीन महिन्यांला एक रंग विकतात. पोराची परीक्षा फी भरण्याआधी दोनच गोष्टी बघा. पोरगं तोडीस तोड जोडीदारासमोर उभं राहतं का? आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी क्लासला जातं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर रंग कुठलाही असू दे, पैसे वाया जात नाहीत.

तुमच्या गावच्या फडात पहिल्या कुस्तीला काय इनाम मिळतं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!