एकशे अठरा महिने

आम्ही सॅन दिएगोला राहायचो तेव्हाची गोष्ट. शेजार बहुतेक नेव्हीवाल्यांचा. त्यातली एक शेजारीण एका रविवारी चहाला आली आणि चहा गार होईपर्यंत बोटांवर महिने मोजत बसली. नवरा नेव्हीत, घटस्फोट ठरलेला, फक्त कागद पुरे व्हायचे होते. तिला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं, की लग्नाला दहा वर्षं झाली नसतील तर नवऱ्याच्या पेन्शनमधला एक डॉलरही बायकोला मिळत नाही. तिची भरत होती नऊ वर्षं दहा महिने. एकशे अठरा महिने!

"दोन महिने कसेतरी लांबवू का गं?" तिने मला विचारलं.

आता मला वकिलीतलं ओ की ठो कळत नाही. तिला चांगला वकील गाठ एवढंच सांगितलं. पण ते दोन महिने डोक्यातून जाईनात, म्हणून रात्री वाचायला बसले. आणि वाचता वाचता भलत्याच इतिहासात शिरले. तो आज इथे लिहून ठेवते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन सैन्यात जुन्या पद्धतीने पेन्शन मिळते ती वीस वर्षं पुरी झाल्यावर. एकोणीस वर्षांनी बाहेर पडलात तर साधारणपणे हात हलवत परत. वीस भरली की मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, तीही जन्मभर. (२०१८ पासून नवी मिश्र पद्धत आली, पण तिच्यातही पेन्शनची वीस वर्षांची अट आहेच.) दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या या घरांत स्वतःचं घर असतंच असं नाही. बायकोची नोकरी दर बदलीला सुटते, नव्या गावी पुन्हा तळापासून सुरू होते. म्हणजे संसारात जी काही पुंजी साठते, ती बहुतेक त्या पेन्शनमध्ये असते. आणि ती असते त्याच्या नावावर.

मग घटस्फोट झाला तर ती कोणाची?

हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत नेला तो मॅकार्टी नावाच्या जोडप्याने. रिचर्ड आणि पॅट्रिशिया. १९५७ साली लग्न झालं तेव्हा तो ओरेगॉनमध्ये डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुढे आर्मीत गेला. पेनसिल्व्हेनिया, हवाई, वॉशिंग्टन, टेक्सास अशा बदल्या होत होत शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी हॉस्पिटलात हृदयरोग विभागाचा प्रमुख झाला, हुद्दा कर्नल. १९७६ मध्ये दोघं वेगळे झाले. तेव्हा त्याची नोकरी सुमारे अठरा वर्षं झाली होती, आणि त्यातला एकही दिवस लग्नाच्या आधीचा नव्हता.

कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानतात. तिथल्या कोर्टाने साधा हिशोब केला. एकूण नोकरीतली किती वर्षं संसारात गेली, त्याच्या निम्मा वाटा तिचा. तो आला सुमारे ४५ टक्के. रिचर्डला हे मान्य नव्हतं. प्रकरण वर वर जात २६ जून १९८१ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की लष्करी पेन्शन ही सैनिकाची स्वतःची आहे, संसदेने ती त्याच्यासाठी ठेवली आहे, राज्याच्या कोर्टाला तिची वाटणी करता येणार नाही.

म्हणजे सगळ्या बदल्यांत बरोबर राहिलेल्या बाईचा त्या पेन्शनमध्ये वाटा किती? शून्य.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनाही ते बोचलं असावं. घटस्फोटित बायकांची अवस्था बिकट होऊ शकते हे त्यांनी मान्य केलं आणि संरक्षण द्यायचं तर ते संसदेने द्यावं असं सुचवलं. संसदेने खरंच मनावर घेतलं. कोलोरॅडोच्या पॅट श्रोडर या खासदारबाई आधीपासूनच या प्रश्नाच्या मागे होत्या. सप्टेंबर १९८२ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत, सैनिकांच्या पूर्वीच्या जोडीदारांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातली एक तारीख मला फार आवडली. २५ जून १९८१ नंतरच्या पेन्शनची वाटणी करायला राज्यांना मोकळीक दिली. म्हणजे निकालाच्या आदल्या दिवसापासून! जणू तो निकाल कधी लागलाच नव्हता.

पण हा कायदा वाटा *देत* नाही, वाटणीची *परवानगी* देतो. किती द्यायचं ते त्या त्या राज्याचं कोर्ट ठरवतं. शिवाय कुठलंही कोर्ट चालत नाही. सैनिक तिथला कायमचा रहिवासी हवा, किंवा बदलीव्यतिरिक्त दुसऱ्या कारणाने तिथे राहणारा हवा, नाहीतर त्याची संमती हवी. नुसती तिथे बदली झाली म्हणून भागत नाही.

आणि ती दहा वर्षांची अट? ती आहे, पण वेगळ्याच कामासाठी. लग्न आणि नोकरी किमान दहा वर्षं बरोबर चालली असतील तर तिचा वाटा सरकारी पेन्शन ऑफिस थेट तिला पाठवतं. दहा भरली नसतील तरी कोर्ट वाटा देऊ शकतं, फक्त तो दर महिन्याला नवऱ्याने स्वतः द्यायचा. आता ज्याच्याशी पटलं नाही त्याच्याकडून जन्मभर चेकची वाट बघणं काय असतं ते सांगायला नको. पण हक्क जातो असं नाही. शेजारणीसारख्या किती जणी "दहा झाली नाहीत" या एका ऐकीव वाक्यावर हात झटकून मोकळ्या झाल्या असतील, कोण जाणे.

कायदा झाला म्हणून गोष्ट संपली नाही. सैनिकाला अपंगत्वाचा भत्ता मिळतो, तो करमुक्त असतो. पूर्वी तो घ्यायचा तर तेवढी पेन्शन सोडावी लागायची, अजूनही अनेकांना लागते. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अशी सोडलेली रक्कम वाटणीत धरता येणार नाही. मग हॉवेल दांपत्याचं प्रकरण आलं. १९९१ मध्ये घटस्फोट, पेन्शन निम्मी निम्मी. महिन्याला सुमारे १५०० डॉलर, म्हणजे तिचे ७५०. २००५ मध्ये त्याला अपंगत्व भत्ता मंजूर झाला, त्याने सुमारे २५० डॉलर पेन्शन सोडली, आणि तिचे दरमहा सव्वाशे कमी झाले. ॲरिझोनाच्या कोर्टांनी त्याला ते भरून द्यायला सांगितलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही रद्द केलं, एकमताने.

इथे मी अडखळले. दुखावलेलं शरीर त्याचं, भत्ता त्याचा, हे मला पटतं. पण चौदा वर्षांपूर्वी कोर्टाने ठरवलेला वाटा तिला न विचारता कमी होतो, हे पटत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणूनच अवघड आहे.

वाचताना आपल्याकडचं आठवणारच. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम २८ प्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकुमावरून जवानाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. मात्र कलम ९० आणि ९१ प्रमाणे बायकोच्या आणि मुलांच्या पोटगीसाठी सरकार किंवा नेमलेला अधिकारी त्याच्या पगारातून रक्कम कापू शकतो. बायकोची सोय आहे, नाही असं नाही. पण शब्द बघा. पोटगी. पोटापुरतं. ती गरजेवर ठरते, आणि दुसरं लग्न केलं की बंद होऊ शकते. मॅकार्टीबाई पोटगी मागत नव्हत्या, वाटा मागत होत्या. आपलं आहे ते मागत होत्या. मला वाटतं, इतकी वर्षं चाललेली सगळी भांडाभांडी या दोन शब्दांमधल्या अंतराची आहे.

शेजारीण पुढे वकिलाकडे गेली. दोन महिने लांबवायला तिला जमलं नाही. नवऱ्याची वीस वर्षं, म्हणजे २४० महिने भरले, तर त्यात हिचे ११८. त्याचा निम्मा वाटा, ढोबळमानाने साडेचोवीस टक्के. मी तो हिशोब कागदावर करून दाखवला तेव्हा ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कमी वाटला असेल.

"तसं नाही गं," ती म्हणाली. "ते महिने कुणी मोजतं, हेच मला माहीत नव्हतं."