कपाशीची पट्टी चाचणी: रेघ कशी वाचावी?

खरिपाच्या तोंडावर कपाशीची विनापावती पाकिटे गावोगाव फिरतात. 'तणनाशक मारा, पीक जळणार नाही' असे सांगून विकले जाणारे हे एचटीबीटी बियाणे. त्याच्या लागवडीला देशात परवानगी नाही. पाकिटात साधे बीटी निघाले आणि त्यावर ग्लायफोसेट फवारले, तर तणासोबत कपाशीही जळते. पावती नसल्याने भरपाईही मागता येत नाही. म्हणून अनेकजण पट्टी चाचणीकडे वळतात. चाचणी चांगली आहे, पण तिची रेघ नेमके काय सांगते ते आधी समजून घ्या.

ही पट्टी डीएनए वाचत नाही. जनुकामुळे पानात तयार होणारे प्रथिन ती ओळखते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीसारखेच हे तंत्र आहे. बीटीसाठी क्राय१एसी व क्राय२एबी ही प्रथिने पाहतात (बोलगार्ड-२ मध्ये दोन्ही असतात), तर एचटीसाठी सीपी४ ईपीएसपीएस हे प्रथिन.

शेंड्याजवळच्या कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा कुपीत घेऊन किटमधल्या द्रावणात ठेचा, पट्टी उभी बुडवा आणि किटवर दिलेल्या वेळेपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे, थांबा. वरची नियंत्रण रेघ उमटलीच नाही तर चाचणी बाद समजा. प्रत्येक झाडासाठी नवी कुपी व नवी काडी वापरा. जुनी पाने घेऊ नका. क्राय१एसीचे प्रमाण झाडाच्या वयानुसार घटत जाते आणि उशिरा घेतलेल्या पानात रेघ फिकी येऊ शकते.

एका झाडावरून निष्कर्ष काढू नका, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना. बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटात रेफ्युजी म्हणून किमान ५ टक्के बिगर बीटी बियाणे मिसळलेलेच असते. म्हणजे २० झाडांत एखादे झाड रेघ न देणे ही फसवणूक नव्हे. याउलट २० पैकी ५-६ झाडांत क्राय१एसीची रेघ नसेल, तर घरचे किंवा सरकीतून काढलेले दुसऱ्या पिढीचे बियाणे पाकिटात भरल्याचा संशय घ्या. बहुतेक संकरित वाणांत बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असते, त्यामुळे पुढच्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडांतून ते निघून जाते.

अशा वेळी पिशवी, टॅग, लॉट क्रमांक, पावती व उरलेले बियाणे जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तुमची पट्टी हा पुरावा ठरत नाही. बियाणे निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. एचटीची रेघ उमटली तरी ते बियाणे अधिकृत होत नाही.

थेट डीएनए वाचणाऱ्या पट्ट्याही आता आहेत. कोविड काळात, २०२० मध्ये, दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने 'फेलुदा' ही कागदी पट्टीवरची चाचणी तयार केली. जनुकीय मजकुरातील एका अक्षराचा फरकही हे तंत्र ओळखू शकते. मात्र त्याआधी नमुन्यातील जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार कराव्या लागतात. पान ठेचून बांधावर होणारे हे काम नाही.

मग गुलाबी बोंडअळीतील प्रतिकारकता अशा पट्टीने कळेल का? भारतातील प्रतिकारक अळ्यांच्या कॅढेरिन जनुकात एकच नव्हे, अनेक वेगवेगळे बिघाड सापडले आहेत. एक बिघाड शोधणारी पट्टी बाकीच्यांना ओळखणार नाही. आणि पानावरच्या पट्टीत बीटीची रेघ ठळक आली, तरी या अळीपासून पीक सुरक्षित आहे असे समजू नका. त्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळले किंवा १० टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, की शिफारशीनुसार फवारणी करा.