रोबोट व्हॅक्यूम : घरासाठी निवड

घरातील जमिनीवरची धूळ, केस आणि बारीक केर आपणहून फिरून शोषून घेणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या बुटक्या यंत्राला रोबोट व्हॅक्यूम क्लीनर किंवा नुसते रोबोट व्हॅक्यूम असे म्हणतात. बहुतेक यंत्रे सुमारे ३५ सेंमी. व्यासाच्या जाड चकतीच्या आकाराची असतात. कडेला फिरणारा लहान ब्रश भिंतीलगतचा केर आत ओढतो, पोटाखालचा आडवा ब्रश तो उचलतो, पंख्याने निर्माण केलेल्या कमी दाबामुळे तो हवेच्या झोताबरोबर केरपेटीत जाऊन पडतो आणि गाळलेली हवा बाहेर सोडली जाते. काम संपले किंवा बॅटरी उतरत आली की यंत्र आपल्या चार्जिंगच्या तळाकडे परत येते. या तळाला व्यवहारात डॉक म्हणतात. विक्रेते या यंत्रांची तुलना प्रामुख्याने शोषणशक्तीच्या आकड्यावरून करतात. परंतु विकत घेतलेले यंत्र रोज वापरात राहील की पलंगाखाली पडून राहील, हे त्या आकड्यापेक्षा घरातील फरशी, फर्निचरची उंची, दारांचे उंबरठे आणि सुट्या भागांची उपलब्धता यांवर कितीतरी अधिक अवलंबून असते. यंत्राची माहितीपत्रके चाळण्यापूर्वी घराची मोजमापे घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

इतिहास : स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने अशा यंत्राचा नमुना १९९६ मध्ये बीबीसीच्या ‘टुमॉरोज वर्ल्ड’ या कार्यक्रमात दाखवला आणि २००१ मध्ये ‘ट्रायलोबाइट’ या नावाने ते यंत्र बाजारात आणले. हे यंत्र घरोघरी पोहोचवले ते अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीच्या ‘रूम्बा’ने. कॉलिन अँगल, हेलन ग्रायनर आणि रॉडनी ब्रुक्स यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची मुळे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधनात होती. यंत्राला भोवतालच्या जगाचा संपूर्ण नकाशा बाळगण्याची गरज नसते, साध्यासाध्या प्रतिक्रियांचे थर एकावर एक रचले तरी त्यातून उपयुक्त वर्तन घडते, असे ब्रुक्स यांचे प्रतिपादन होते. सप्टेंबर २००२ मध्ये विक्रीस आलेला पहिला रूम्बा याच विचाराचा होता : अडथळ्यावर आपटला की तो वळे, भिंत लागली की तिच्या कडेने जाई, आणि अशा आडव्यातिडव्या फेऱ्यांतून खोलीचा बहुतेक भाग पुन्हा पुन्हा झाडून होई. पुढे मात्र हा व्यवसाय नकाशाकडेच वळला. २०१० मध्ये नीटो कंपनीने लेसरने अंतर मोजणारे यंत्र आणले, २०१५ मध्ये रूम्बाच्या ९८० या प्रारूपात कॅमेरा आला आणि २०१६ मध्ये शाओमीच्या नावाने विकल्या गेलेल्या, रोबोरॉक या चिनी कंपनीने बनवलेल्या यंत्राने लेसरची सोय मध्यम किमतीत उपलब्ध करून दिली. भारतात गुरुग्राम येथील मिलाग्रो ही कंपनी या क्षेत्रात आधीपासून होती. शाओमीने २०२० मध्ये झाडणे व पुसणे अशी दोन्ही कामे करणारे यंत्र येथे आणले आणि त्याच वर्षीच्या टाळेबंदीत घरकामगारांचे येणे थांबल्याने शहरी कुटुंबांचे लक्ष या यंत्रांकडे वळले.

दिशाज्ञान : यंत्राला आपण कोठे आहोत हे कसे कळते, हा निवडीतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण कितीही जोराने शोषणारे यंत्र खोलीच्या ज्या भागात पोहोचतच नाही तो भाग स्वच्छ करू शकत नाही. सर्वांत स्वस्त यंत्रे यदृच्छेने, म्हणजे ठरावीक मार्ग न आखता फिरतात. एकाच लहान खोलीत हे चालून जाते, पण दोन-तीन खोल्यांच्या घरात ती एकाच खोलीत घुटमळत राहतात आणि बॅटरी संपवतात. त्यावरच्या पायरीतील यंत्रांत घूर्णदर्शी, म्हणजे वळण्याचा कोन मोजणारा संवेदक असतो आणि चाकांचे फेरे मोजून ती समांतर पट्ट्यांत चालतात. मात्र चाके घसरली की मोजणीतील चूक साचत जाते. लिडार असलेल्या यंत्राच्या डोक्यावरच्या बुटक्या घुमटीत लेसर गरगर फिरत असतो आणि परावर्तित प्रकाशावरून सभोवतालच्या भिंतींची अंतरे मोजत असतो. या मोजमापांवरून नकाशा तयार करणे आणि त्याच नकाशात स्वतःचे स्थान निश्चित करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. या पद्धतीला स्लॅम असे संक्षिप्त नाव आहे. लिडारला उजेड लागत नाही, त्यामुळे पडदे ओढलेल्या खोलीतही ते अचूक चालते. कॅमेऱ्यावर विसंबणाऱ्या यंत्राला मात्र प्रकाश हवा असतो. उलट, जमिनीला टेकलेला आरसा किंवा काचेचे सरकते दार लिडारला फसवू शकते, आणि लेसरची किरणपातळी जमिनीपासून वर असल्याने तिच्याखाली असलेल्या वस्तू त्याला दिसत नाहीत.

शेवटची मर्यादा मराठी घरात विशेष जाणवते. दाराशी काढलेल्या चपला, मोबाइलच्या चार्जरच्या लोंबत्या वायरी, पातळ पायपुसणे, दशा असलेली चटई, मुलांच्या खेळण्यांचे बारीक भाग या सर्व वस्तू लेसरच्या पातळीखाली असतात आणि यंत्र अडकण्याची बहुसंख्य कारणे त्यांतच सापडतात. त्यासाठी काही यंत्रांना पुढच्या बाजूने कॅमेरा किंवा प्रकाशाच्या रेषा टाकून वस्तूचा उठाव ओळखणारा संवेदक दिलेला असतो. कुत्रे-मांजर असलेल्या घरात हा खर्च सार्थ ठरतो, कारण प्राण्याच्या विष्ठेवरून गेलेले यंत्र ती घरभर पसरवते. देवघरापुढची रांगोळी यंत्राच्या दृष्टीने केवळ धूळ असते आणि जमिनीवर तेवणारी समई हा केवळ एक अडथळा. यासाठी मोबाइलमधील नकाशावर प्रवेशबंद क्षेत्र आखता येणे, ही सोय श्रद्धेच्या आणि सुरक्षिततेच्या अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्वाची आहे. जिना किंवा पायरी ओळखण्यासाठी यंत्राच्या पोटाशी अवरक्त संवेदक असतात; जमिनीवरून किरण परतला नाही की पुढे खड्डा आहे असे ते समजतात. काळा ग्रॅनाइट, कडाप्पा किंवा गडद गालिचा अवरक्त किरण शोषून घेतो, आणि त्यामुळे सपाट जमिनीवरही यंत्र कड्यावर आल्यासारखे थबकते. ज्या घरात काळ्या फरशीचा पट्टा आहे, तेथे यंत्र परत करण्याची मुदत असेपर्यंतच त्याची प्रत्यक्ष चाचणी घेणे हिताचे असते.

शोषणशक्ती : ही पास्कल या दाबाच्या एककात सांगितली जाते, एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल म्हणजे एक पास्कल. काही वर्षांपूर्वी २,००० पास्कल हा आकडा मोठा मानला जाई, आज २०,००० पास्कल आणि त्याहून अधिक आकडे खोक्यांवर छापले जातात. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो, पण त्याची मर्यादाही कळते : हा दाबातील कमाल फरक असून तो हवेचा मार्ग बंद असताना मिळतो, तर केर वाहून नेण्याचे काम प्रत्यक्षात वाहत्या हवेचे असते. ब्रश जमिनीला किती टेकतो, तोंड किती घट्ट बसते, गाळणी किती तुंबली आहे यांवर प्रवाह ठरतो, आणि याविषयी खोक्यावर काही लिहिलेले नसते. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाच्या आयईसी ६२८८५-७ या मानकात अशा यंत्रांनी प्रत्यक्ष किती धूळ उचलली आणि जमिनीचा किती भाग व्यापला, हे मोजण्याच्या पद्धती दिल्या आहेत; अशा मोजणीचे निष्कर्ष उपलब्ध असतील तर ते पास्कलच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय समजावेत. मोठा आकडा खरोखर उपयोगी पडतो तो जाड गालिच्यांच्या घरात. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत टाइल, मोझॅक, कोटा किंवा शहाबादी फरशी असते, धूळ पृष्ठभागावरच बसलेली असते आणि तेथे मध्यम शोषण पुरते. फक्त शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांत अडकलेली माती आणि स्वयंपाकघरात सांडलेली मोहरी ही अवघड परीक्षा ठरते, कारण मोहरीचे दाणे फिरता ब्रश आत ओढण्याऐवजी दूर उडवतो. लांब केसांच्या घरात मुख्य ब्रशकडे अधिक लक्ष द्यावे. दातेरी केसांच्या ब्रशपेक्षा रबरी पात्यांच्या ब्रशवर केस कमी गुंडाळले जातात, आणि ब्रश हत्याराशिवाय काढता येत असेल तर तो नियमितपणे साफ होतो.

मोजमापांपैकी दोन टाळता येत नाहीत. लिडारची घुमटी धरून यंत्राची उंची साधारण साडेनऊ ते दहा सेंमी. होते, घुमटीविरहित यंत्रे त्याहून दोन-तीन सेंमी. बुटकी असतात, दिवाण, सोफा आणि कपाट यांखालची मोकळी जागा पट्टीने मोजली तर सर्वाधिक धूळ साचणाऱ्या ठिकाणी यंत्र शिरेल की नाही, हे आधीच कळते. दुसरे मोजमाप उंबरठ्याचे. बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंमी. उंचवटा ओलांडतात, जुन्या वाड्याचा किंवा कोकणातील घराचा लाकडी उंबरठा त्यांना पार होत नाही, आणि यंत्र प्रत्येक खोलीत उचलून ठेवावे लागले तर त्याचा मुख्य लाभच उरत नाही. सारवलेल्या जमिनीसाठी हे यंत्र मुळीच योग्य नाही.

पुसणे : भारतीय घरात झाडण्याइतकेच लादी पुसण्याला महत्त्व असल्याने या भागाकडे ग्राहकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. साध्या यंत्रांत मागे बांधलेले ओले फडके नुसते ओढले जाते. त्याने पावलांची धूळ जाते, चहाचा वाळलेला डाग जात नाही. दाब देऊन फिरणाऱ्या दोन गोल गाद्या किंवा सतत धुतला जाणारा रूळ असलेली यंत्रे बरीच चांगली पुसतात, आणि महागड्या डॉकमध्ये ती फडकी गरम पाण्याने धुऊन वाळवली जातात. फोडणीच्या तेलाचा थर मात्र हातानेच घासावा लागतो. टाकीत फिनेल घालण्याची अनेक घरांतील सवय येथे सोडावी लागते, कारण उत्पादकाने सांगितलेल्या द्रवाखेरीज इतर रसायनांनी पंप व नळ्या बिघडतात आणि हमी रद्द होऊ शकते. मळक्या पाण्याची टाकी रोज रिकामी केली नाही तर, विशेषतः पावसाळ्याच्या दमट हवेत, तिला दुर्गंध येतो. स्वतः रिकामे होणारे डॉक सोयीचे असले, तरी त्यातील पिशव्या हा कायमचा खर्च असतो, आणि मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकेत प्लगाजवळ तेवढी मोकळी जागा सापडणे हीच अडचण ठरते.

वीजखर्चाची चिंता अनाठायी आहे. १४.४ व्होल्टची ५,२०० मिलिॲम्पिअर-तासांची नेहमीची लिथियम-आयन बॅटरी सुमारे ७५ वॉट-तास ऊर्जा साठवते, म्हणजे चार्जिंगमधील गळती धरूनही एका युनिटमध्ये ती दहा-बारा वेळा भरता येते. गरम पाण्याचे डॉक याहून अधिक वीज घेते. खरी चिंता दुरुस्तीची आणि दूरस्थ सेवेची असली पाहिजे, आणि खरेदीच्या वेळी तिचाच विचार सर्वांत कमी होतो. बॅटरी, ब्रश, गाळणी व चाकांचे संच सुटे मिळतात काय, सेवाकेंद्र आपल्या गावात आहे की यंत्र कुरिअरने पाठवावे लागते, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर यंत्र निदान बटणावर तरी चालते काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नीटो कंपनी जर्मनीच्या फोरवेर्क या उद्योगसमूहाने २०१७ मध्ये घेतली, २०२३ मध्ये बंद केली आणि २०२५ मध्ये तिची क्लाउड सेवाही थांबवली. चांगल्या स्थितीतील यंत्रांचे नकाशे आणि वेळापत्रके त्याबरोबर गेली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये जाहीर केलेली आयरोबॉटची खरेदी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये या आद्य कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. नामांकित नाव म्हणजे दीर्घकाळच्या सेवेची खात्री, ही समजूत या दोन उदाहरणांनी खोटी ठरवली आहे. काही यंत्रांवर ‘व्हॅलेट्युडो’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवून कंपनीच्या सर्व्हरशिवाय काम भागवता येते, परंतु त्यासाठी तांत्रिक कौशल्य लागते.

खासगीपणाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. घराचा नकाशा ही खासगी माहिती आहे, आणि कॅमेरा असलेले यंत्र तर शयनगृहातही फिरते. आयरोबॉटच्या चाचणी-यंत्रांनी टिपलेली, शौचालयातील एका स्त्रीच्या चित्रासह अनेक खासगी चित्रे, ती वर्गीकरणासाठी पाहणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या गटांतून समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे वृत्त एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने डिसेंबर २०२२ मध्ये दिले. २०२४ मध्ये अमेरिकेतील काही घरांत एकोव्हॅक्स कंपनीच्या यंत्रांचा ताबा परक्यांनी मिळवून त्यांच्या ध्वनिक्षेपकावरून शिवीगाळ केली. अडथळे ओळखण्यासाठी कॅमेरा अपरिहार्य नसलेल्या घरात केवळ लिडारचे यंत्र पुरेसे असते आणि तेच अधिक निर्धोक होय. यंत्र दुसऱ्याला देण्यापूर्वी त्यातील नकाशे व वाय-फायचा संकेतशब्द पुसून ॲपमधून त्याची नोंद काढून टाकावी, आणि निकामी झालेली लिथियम बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी. भारतात वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये उत्पादकांवर आहे.