मृतांची संख्या : माकोन्दोतील अद्भुत आणि १९२८चा संप

'जादुई वास्तववाद' ही संज्ञा लॅटिन अमेरिकन कादंबरीच्या संदर्भात इतक्या सैलपणे वापरली गेली आहे, की तिच्यामुळे त्या कादंबरीतील सामाजिक आशय उजळण्याऐवजी झाकलाच जातो. उडते गालिचे, सदेह स्वर्गारोहण करणारी तरुणी, वर्षानुवर्षे कोसळणारा पाऊस यांची यादी केली की अद्भुताचा हिशेब पुरा झाला, असे मानले जाते; शोषण, हिंसा आणि परकीय भांडवल हे विषय मग 'वास्तव' नावाच्या दुसऱ्या रकान्यात मांडले जातात. हे दोन रकाने खरोखरच वेगळे आहेत काय, हे तपासण्यासाठी गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (एकाकीपणाची शंभर वर्षे, १९६७) या कादंबरीतील केळीमळ्यांचे प्रकरण विशेष उपयोगी ठरते. या प्रकरणामागे असलेली घटना कागदोपत्री नोंदलेली आहे, आणि त्यामुळे कल्पिताने तिचे काय केले हे पाहता येते.

संज्ञेचा इतिहास थोडक्यात असा. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी १९२५ मध्ये अभिव्यक्तिवादानंतरच्या चित्रकलेसंबंधी ती वापरली. १९२७ मध्ये रोह यांचे विवेचन स्पॅनिशमध्ये आले. तिला लॅटिन अमेरिकन भूमीचा संदर्भ देण्याचे श्रेय मात्र क्यूबन कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर यांच्याकडे जाते. 'एल रेइनो दे एस्ते मुन्दो' (१९४९) या हैतीवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी 'अद्भुत वास्तव' ही कल्पना मांडली. अद्भुत ही कलावंताने योजलेली क्लृप्ती नसून या खंडाच्या इतिहासातच ते वसलेले आहे, असा त्यांचा दावा होता. या कादंबरीत १७५८ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या माकान्दाल या बंडखोर गुलामाचा प्रसंग येतो. मळेवाल्यांना त्याचे जळणे दिसते; गुलामांना तो ज्वाळांतून निसटून उडालेला दिसतो. घटना एकच, पाहणारे दोन. येथे अद्भुत पराभूतांच्या बाजूला आहे. ते त्यांच्या श्रद्धेचे आणि म्हणूनच त्यांच्या प्रतिकाराचे रूप आहे.

माकोन्दोत ही वाटणी उलटते. ती कशी उलटते हे समजण्यासाठी प्रथम घटनेकडे पाहिले पाहिजे.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सांता मार्ताच्या परिसरात युनायटेड फ्रूट कंपनीचे केळीमळे होते. नोव्हेंबर १९२८ मध्ये तेथील मजुरांनी संप पुकारला. त्यांच्या नऊ मागण्यांमध्ये सामुदायिक विमा, अपघाताची भरपाई, राहण्याजोगी घरे, आठवड्याची सुटी, मजुरीत वाढ, कंपनीच्या दुकानांतच चालणाऱ्या कूपनांऐवजी रोख वेतन आणि दवाखाने यांचा समावेश होता. या मागण्या असाधारण नव्हत्या. त्यांपैकी काहींना देशातील कायद्याचाच आधार होता. कंपनीची भूमिका मात्र असाधारण होती. मजूर मध्यस्थ ठेकेदारांमार्फत नेमले जात असल्यामुळे, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, ते तिचे मजूर नव्हतेच. आणि जे तिचे नव्हेत त्यांच्याशी वाटाघाटी करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ५ डिसेंबरच्या रात्री सिएनागा येथील रेल्वे स्थानकाजवळच्या चौकात जमलेल्या संपकऱ्यांवर, मध्यरात्र उलटल्यावर, जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास यांच्या सैन्याने गोळीबार केला. जनरलनी पुढे ४७ मृत्यू मान्य केले. १६ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकन राजदूत जेफरसन कॅफरी यांनी वॉशिंग्टनला कळवले, की कंपनीच्या बोगोता येथील प्रतिनिधीच्या सांगण्यानुसार मृतांची संख्या एक हजाराहून अधिक आहे. या दोन आकड्यांमधील अंतर आजतागायत भरून निघालेले नाही.

कादंबरीत हे सारे येते. गार्सिया मार्केस यांनी गावाला माकोन्दो हे कल्पित नाव दिले. संपकऱ्यांना गुंडांची टोळी ठरवणाऱ्या हुकुमाखाली मात्र कोर्तेस वार्गास यांचे खरे नाव तसेच ठेवले. कल्पित बुएन्दिआ कुटुंबाच्या कथेत हे एक नाव एखाद्या सरकारी शिक्क्यासारखे उमटते. मजुरांच्या खटल्यात कंपनीचे वकील चमत्कार करू लागतात. कंपनीप्रमुख ब्राउन याला न्यायालयापुढे खेचून आणले, तर तो ब्राउन नव्हेच, असे ते सिद्ध करतात. पुढे ब्राउन शिकागोत वाहनाखाली सापडून मेल्याचा दाखलाच सादर होतो. अखेरीस मजूर नावाचे कोणी अस्तित्वातच नाहीत असा निवाडा लागतो. कादंबरीविषयी काहीच न जाणणारा वाचक या निवाड्याला लेखकाची अतिशयोक्ती समजेल. परंतु कंपनीने १९२८ मध्ये घेतलेली कायदेशीर भूमिका जवळजवळ शब्दशः हीच होती. लेखकाने येथे फारसे काही रचलेले नाही. ठेकेदारीच्या करारातील तर्क त्याने केवळ शेवटपर्यंत नेला आहे.

गोळीबारानंतरच्या भागात हाच तर्क गावभर पसरतो. होसे आर्कादिओ सेगुन्दो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत शुद्धीवर येतो, उडी टाकून परततो, आणि पाहतो तो काय, कोणीही मेलेले नाही असे प्रत्येक जण सांगत आहे. त्याला शोधायला आलेला लष्करी अधिकारी तो बसला आहे त्याच खोलीत दिवा धरून पाहतो, आणि त्याला तो दिसत नाही. पुढे शाळेच्या पुस्तकांतून कंपनी कधी नव्हतीच असे ठरते. कार्पेन्तिएरच्या गुलामांना जे नाही ते दिसत होते. माकोन्दोच्या सत्तेला जे आहे ते दिसत नाही. अद्भुत येथे शासनाच्या, न्यायालयाच्या आणि पाठ्यपुस्तकाच्या ताब्यात गेले आहे. सामाजिक आशय अद्भुताच्या आवरणाखाली दडलेला नाही. नकाराची यंत्रणा कशी चालते हे दाखवण्याचे साधनच अद्भुत आहे.

या अन्वयार्थाला एक गंभीर आक्षेप संभवतो. कोलंबियन इतिहासकार एदुआर्दो पोसादा-कार्बो यांनी १९९८ मधील आपल्या निबंधात कादंबरीला इतिहासाचा पुरावा मानण्याच्या प्रवृत्तीची चिकित्सा केली. या हत्याकांडाभोवती कादंबरीत दिसते तशी संपूर्ण शांतता प्रत्यक्षात कधीच नव्हती. होर्हे एलिएसेर गाइतान यांनी १९२९ मध्ये मळ्यांच्या भागात जाऊन साक्षी गोळा केल्या आणि संसदेत शासनाला जाब विचारला. स्वतः जनरलनी त्याच वर्षी आपल्या बचावासाठी पुस्तक लिहिले. साहित्यातही आल्वारो सेपेदा सामुदिओ यांची 'ला कासा ग्रान्दे' (१९६२) ही कादंबरी आधी येऊन गेली होती. तिने हाच विषय कोणत्याही अलौकिक घटनेविना, तुटक संवादांतून आणि हुकुमालाच एक प्रकरण बहाल करून मांडला. मौनाचा इतिहास, थोडक्यात, काही अंशी कादंबरीनेच रचलेला आहे.

आकड्याची कथा याहून बोलकी आहे. गोळीबारात तीन हजारांहून अधिक माणसे मेली असे होसे आर्कादिओ सेगुन्दो सांगतो. १९९०च्या सुमारास एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मुलाखतीत गार्सिया मार्केस यांनी कबूल केले, की प्रत्यक्षातील मृतांची संख्या फारच थोडी असल्याचे त्यांना आढळले होते. परंतु पुस्तकाच्या प्रमाणात ती बसेना, त्यांना संपूर्ण आगगाडी प्रेतांनी भरायची होती. २००२ मधील आत्मचरित्रात त्यांनी नोंदवले आहे, की या घटनेच्या एका स्मृतिदिनी सिनेटमधील वक्त्याने तीन हजार हुतात्म्यांसाठी मौन पाळण्याची विनंती केली. कल्पिताचा आकडा सभागृहाच्या कामकाजात दाखल झाला होता.

म्हणजे या प्रकरणातील जे सर्वांत अद्भुत वाटते, मजूर नसल्याचा निवाडा, ते कागदपत्रांच्या सर्वांत जवळ आहे. आणि जे सर्वांत वास्तव वाटते, एक साधी संख्या, तेच सर्वाधिक कल्पित आहे. वास्तव आणि जादू यांचे दोन रकाने येथे निरुपयोगी ठरतात.

यातून लेखकाची जबाबदारी मात्र संपत नाही. एका नकाराविरुद्ध उभा केलेला आकडा स्वतःच श्रद्धेचा विषय झाला, तर खऱ्या मृतांना दुसऱ्यांदा नामशेष होण्याचा धोका असतो. तीन हजारांच्या गर्दीत त्यांतील एकेकाचे नाव शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. तरीही तीन हजार हा आकडा खरा की खोटा, हा प्रश्न कादंबरीला विचारण्यापूर्वी तो १९२८च्या शासनाला आणि कंपनीला विचारला पाहिजे. कूपनांचा आणि केळीच्या घडांचा हिशेब ज्यांनी चोख ठेवला, त्यांनी त्या रात्री पडलेल्या माणसांची विश्वासार्ह मोजणी मागे ठेवली नाही. गार्सिया मार्केस यांचा आकडा त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला आहे, आणि ती जागा रिकामी कोणी ठेवली याचे उत्तर इतिहासाला अद्याप द्यायचे आहे.