अकादमिक लेखन आणि अकादमिकेतर लेखन

अकादमिक लेखन : विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि त्यांची नियतकालिके यांच्या परिघात एखाद्या विषयाचे अभ्यासक मुख्यतः एकमेकांसाठी करतात ते लेखन. पीएच.डी.चा प्रबंध, शोधनिबंध, परिसंवादात वाचलेला निबंध, जुन्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे नेहमीचे प्रकार. अग्रलेख, दिवाळी अंकातला लेख, ललित निबंध, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, कथा-कादंबरी हे सारे त्या परिघाबाहेरचे. या दोहोंची वाटणी बहुधा ‘जड भाषा’ आणि ‘सोपी भाषा’ अशी केली जाते, पण एखादा ललित निबंध पाच प्रबंधांहून अवघड असू शकतो. फरक पडतो तो पुराव्याच्या जबाबदारीने. अकादमिक लेखकाचे विधान वाचकाला तपासून पाहता आले पाहिजे, आणि तपासण्याची वाट लेखकानेच दाखवून ठेवली पाहिजे.

‘गावातल्या विहिरी होळीच्या आतच आटतात’ हे वाक्य वार्ताहराला चालते, कथाकाराला तर हवेच असते. प्रबंधात ते आले की प्रश्न सुरू होतात. कोणत्या गावातल्या, किती विहिरी? कोणत्या वर्षांत? पाण्याची पातळी काठापासून मोजली की जमिनीपासून? आधी कोणी मोजली होती का, आणि त्याचे आकडे याच्याशी जुळतात का? ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ या तीन शब्दांवर बातमी उभी राहते, प्रबंध राहत नाही. संशोधकही माहिती देणाऱ्याचे नाव पुष्कळदा झाकतो, मात्र मुलाखत कधी, कुठे, कोणत्या रीतीने घेतली हे त्याला लिहावेच लागते.

मराठीत हा फरक पाहण्याची उत्तम जागा म्हणजे इरावती कर्वे यांचे लेखन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या इरावतीबाईंचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून नातेसंबंधांची रचना मांडली आहे. काका, मामा, आत्या, नणंद यांना कोणत्या भाषेत काय म्हणतात, लग्न कोणाशी होते आणि कोणाशी होत नाही, याचा तो तपशीलवार हिशेब आहे. लेखिका तिथे शक्य तितकी मागे उभी आहे. त्याच बाईंच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या ललित लेखसंग्रहातल्या ‘वाटचाल’ या लेखात मात्र त्या स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत निघालेल्या दिसतात. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि त्याची बोचही त्या लपवत नाहीत. ज्या प्रदेशातली माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची प्रसिद्ध व्याख्या या चालण्यातच सापडलेली. तिच्यासाठी त्यांनी कोणतेही सर्वेक्षण केलेले नव्हते.

पुढे जे घडले त्याने वर्गवारी करणाऱ्यांची पंचाईतच झाली. या लेखाचे इंग्रजी रूप १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या अमेरिकी संशोधनपत्रिकेत छापले गेले, आणि वारीवर लिहिणारे देशी-परदेशी अभ्यासक त्याचा आधार देऊ लागले. ललित म्हणून लिहिलेला मजकूर संशोधनाचा दस्तऐवज ठरला. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी अचूक टिपल्या असतील तर असे होऊ शकते. शोधनिबंध ललित म्हणून वाचला जाण्याचे भाग्य त्या मानाने फारच थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

इरावतीबाईंच्याच ‘युगान्त’ या महाभारतावरील पुस्तकाची (१९६७) गोष्ट आणखी बोलकी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. वि. सी. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीने १२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. या आवृत्तीच्या पानावर वरती स्वीकारलेला श्लोक आणि खाली बारीक टायपात पाठभेद असतात, म्हणजे कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे याची नोंद. श्लोकापेक्षा तळाचाच मजकूर जास्त, अशी पाने कितीतरी. संपादकांनी निवडलेला पाठ एखाद्याला पटला नाही, तर त्याच पानावरून तो वेगळा पाठ निवडू शकतो. इरावतीबाईंनी ही आवृत्ती आधाराला घेऊन गांधारी, कुंती, कर्ण यांच्यावर लिहिले. पाठभेदांचे ओझे मात्र वाचकाच्या डोक्यावर ठेवले नाही. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाशी भांडणारे पुष्कळ निघाले, पण ते भांडतात अर्थ लावण्यावरून.

रचनेतही दोन्ही लेखनप्रकारांच्या वाटा वेगळ्या. शोधनिबंध आपला शेवट पहिल्याच परिच्छेदात फोडतो. गोषवाऱ्यात प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष सांगून टाकलेले असतात, त्याखाली बीजशब्द. मग प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष असा क्रम लागतो. विज्ञानात तो बराच कडक, इतिहासात आणि साहित्यसमीक्षेत सैल. बातमीही महत्त्वाचे आधी सांगते, पण तिथे कारण वेगळे असते : जागा कमी पडली तर खालचा मजकूर कापता यावा. ललित निबंधाला मात्र वाट चुकण्याची मुभा आहे. किंबहुना त्याची गंमतच त्यात असते.

मराठी प्रबंधांची स्वतःची एक बोली तयार झाली आहे. ‘प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले’, ‘असे म्हणता येईल’, ‘यावरून असे संभवते’ ही तिची ओळखीची वळणे. तळटीपांत ‘तत्रैव’ आणि ‘उ.नि.’ ठाण मांडून असतात. ‘संभवते’ म्हणण्यात खरी सावधगिरी असू शकते, कारण पुरावा जितका तितकेच बोलावे असा दंडक आहे. पण हीच वळणे सांगण्यासारखे काही नसतानाही वापरता येतात, आणि वापरली जातात. ‘मला वाटते’ ऐवजी ‘प्रस्तुत संशोधकास वाटते’ लिहिल्याने मत वस्तुनिष्ठ होत नाही, फक्त लांब होते.

छापण्याआधी कोण वाचतो, हाही मोठा भेद. ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ हे नियतकालिक हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केले, तेव्हा निवड बव्हंशी संपादकच करत असे. त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत नंतर हळूहळू रुळली. आज अनेक पत्रिकांत लेखकाला परीक्षक कळत नाही आणि परीक्षकाला लेखक. दिवाळी अंकाचा संपादक याच्या उलट नाव पाहूनच लेख मागवतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घेताना नारायण विनायक जगताप असे नाव धारण केले, आद्याक्षरे उलटी करून. दहा वर्षांपूर्वी फ्रेड हॉईल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने जगभर गाजलेले नाव परीक्षकांसमोर जाऊ नये, हा हेतू. त्यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले.

उसनवारीचे नियमही सारखे नाहीत. कीर्तनकार, अग्रलेखकार, वक्ता हे दुसऱ्याचा दाखला नाव न घेता वापरतात आणि श्रोते मनावर घेत नाहीत. प्रबंधात तो गुन्हा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत लिहिली तर ती टक्क्यांत येत नाही, तिथे वाचलेला परीक्षकच लागतो.

एकाच लेखकाला दोन्ही हात असू शकतात, याचे ठसठशीत उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकामागून एक घेतात, प्रत्येकीत काय कमी पडते ते दाखवतात आणि मगच स्वतःचे म्हणणे मांडतात. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात व्याख्यांची छाननी नाही. तिथे हिंदू समाज म्हणजे मजल्यांना जोडणारा जिना नसलेला मनोरा. विषय एकच, समोरचा वाचक बदलला तशी मांडणी बदलली.

वि. का. राजवाडे यांनी मात्र अशी वाटणी केली नाही. १८९८ पासून निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या बावीस खंडांत अस्सल कागदपत्रे आहेत, आणि सोबतच्या प्रस्तावनांत भरपूर आवेश. आजच्या परीक्षकांनी कागद ठेवून घेतले असते आणि प्रस्तावना ‘सूर सौम्य करावा’ अशा शेऱ्यासह परत धाडल्या असत्या.

कोशनोंद या दोन्हींच्या सीमेवर राहते. तिच्यात नवे संशोधन अपेक्षित नसते, पण चुकीला सवलतही नसते. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव येते, बऱ्याच ठिकाणी संदर्भग्रंथही. त्याआधी श्री. व्यं. केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेसाठीच राखून त्यांत स्वतःची मते मोकळेपणी मांडली होती. कॉर्नेल विद्यापीठाचे हे डॉक्टर पुढे कादंबऱ्याही लिहू लागले, तेव्हा त्यांत कथानक थांबवून समाजशास्त्राची व्याख्याने दिली जातात अशी तक्रार समीक्षकांनी केली.